हातावरचा हात

डॉक्टरांनी मशीनची कळ फिरवली आणि कुंदाबाईंचं बोट उठलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. होळीच्या आधी लकवा मारला तेव्हापासून तो सबंध हात उशीवर ठेवला तर उशीवर राहत होता, मांडीवर ठेवला तर मांडीवर. आणि आता त्यातलं एक बोट, हजेरीत नाव घेतल्यावर पोरानं उभं राहावं तसं, एकाएकी उभं राहिलं आणि खाली बसलं. पुन्हा उठलं, पुन्हा बसलं. हिरव्या पडद्याच्या आत कूलरमधल्या वाळ्याचा वास कोंडला होता. मनगटावर ओल्या पट्ट्या बांधल्या होत्या आणि त्यांच्यातून मुंग्यांची रांग खांद्याकडे चालली होती. "काकू, तुम्ही काहीच करायचं नाही हं," भारंबे डॉक्टर म्हणाले. तरुण, नीटनेटका, मऊ बोलणारा मुलगा. "सैल सोडून द्या. करंट सगळं करतो." पडद्याच्या फटीतून लीलाधरभाऊंचा चष्मा आत आला. "हाललं! अगं, हाललं ना!" ते बाहेरच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असं ओरडले. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद कुंदाबाईंनी पाहिला आणि आपणही हसायला हवं हे त्यांना कळलं. पण त्यांची नजर बोटावरून हलेना. हे बोट त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. असंच, गोधडीवर, एकदाच. ते त्यांचं नव्हतं. आबांचं होतं.

क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना भाऊंनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं होतं. रिंग रोडवर उन्हानं डांबर मऊ झालं होतं. रिक्षात बसल्यावर त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला आणि पदराखाली झाकला. घरी येईपर्यंत त्यांना वाटत राहिलं, पदराखाली तो अजून उठतो-बसतो आहे. पदर बाजूला करून बघायचा धीर झाला नाही. आबा म्हणजे त्यांचे वडील, चुडामण. फैजपूरकडच्या एका गावात त्यांची केळीची बाग होती आणि केळीचा घड एका घावात उतरवणारा तो हात होता. कुंदा तेव्हा पहिलीत होती. एका सकाळी आबांना बागेतून बाजेवर घालून आणलं. तोंड वाकडं झालं होतं, बोलणं गेलं होतं, उजवं अंग गेलं होतं. वारं लागलं, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. आता वारं लागू द्यायचं नाही. मग मागच्या खोलीच्या खिडकीत गोणपाट कोंबलं गेलं. दार लोटून घेतलं गेलं. चुलतकाका पारवे धरून आणायचे आणि पारव्याचं ऊन रक्त आबांच्या दंडाला चोळलं जायचं, त्यावर लसणाचं तेल. त्या खोलीचा वास कुंदाबाईंच्या नाकात इतकी वर्षं कुठं राहिला होता कुणास ठाऊक. तो कूलरच्या वाळ्यातून आज बाहेर आला होता. गोणपाटाच्या एका विरलेल्या जागेतून उजेडाची काडी आत यायची, तेवढ्यात बसून कुंदा पाटीवर अक्षरं गिरवायची आणि दुसऱ्या हातानं आबांच्या तोंडावरच्या माश्या वारायची. माय त्यांना काही म्हणजे काही करू द्यायची नाही. पाणी तीच पाजायची, कूस तीच बदलायची. आबांनी डाव्या हातानं पेला धरायला हात पुढे केला तरी ती तो हात हळूच खाली दाबायची. "तुम्ही नका काही करू. मी हाये ना." बायका बघायला यायच्या आणि जाताना म्हणायच्या, सेवा करावी तर बेबाबाईनं. चुडामणचं नशीब थोर.

आणि एका दुपारी माय भाकरी करत असताना कुंदानं ते पाहिलं. गोधडीवर पालथ्या पडलेल्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट उठलं. नुसतं उठलं नाही, गोधडीवरून थोडं पुढे गेलं, जसं तिचं बोट पाटीवरून जात होतं तसं. तिनं आबांकडे पाहिलं. आबा तिच्याकडेच बघत होते. ती ओरडली, "माय! आबाचं बोट हाललं!" माय पिठाच्या हातांनी धावत आली. "कुठी व? कोन्तं? कोन्तं बोट?" तिनं तो हात दोन्ही हातांत उचलला, छातीशी गच्च दाबून धरला आणि रडायला लागली. त्या दिवसापासून माय तो हात सोडेनाशी झाली. हातात घेऊन बसायची, हातात घेऊन निजायची, हाललं तर आपल्याला कळावं म्हणून. ते पुन्हा कधी हाललं नाही. काका म्हणाले, "पोरीले भास झाला असन." आबा त्यानंतर वर्षभर त्या खोलीत होते. गेले तेव्हा तो हात धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा आणि मऊ झाला होता, घड उतरवणाऱ्या माणसाचा तो हात आहे असं कुणी म्हटलं नसतं. बोट खरंच हाललं होतं की नाही हे कुंदाला कधीच कळलं नाही. कळलं नाही म्हणूनच ते राहिलं. लग्नात, बाळंतपणात, शाळेच्या घंटेत, कधीही, काहीही करत असताना मध्येच आबा तिच्याकडे बघायचे.

घरी लीलाधरभाऊंनी त्यांना पलंगावर बसवलं, पाय वर घेतले, पाठीला लोड लावला. जिल्हा परिषदेच्या कचेरीत आयुष्य काढलेला हा माणूस, यानं कधी चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता. आता तो वेणी घालायला शिकला होता. भाकरी कुस्करून भाजीत कालवायचा आणि घास करून भरवायचा. साडीच्या निऱ्यांशी झटत बसायचा आणि त्या नीट बसल्या की कचेरीतली फाईल निकालात निघाल्यासारखा समाधानानं मागे सरकून बघायचा. डॉक्टरांनी घरी करायचे व्यायाम सांगितले होते, तेही भाऊच करायचे. बाईंचा हात धरून वर न्यायचे, खाली आणायचे, वर न्यायचे, पी.टी.च्या मास्तरसारखे मोठ्यानं आकडे म्हणत. शेवटी त्यांनाच घाम फुटायचा. "झाला बुवा आपला व्यायाम!" असं म्हणून ते पंख्याखाली बसायचे. शेजारच्या लताबाई दारातून बघत म्हणाल्या होत्या, "बाई, नशीब काढलंत हो तुम्ही." त्या शब्दावर कुंदाबाईंनी मान भिंतीकडे वळवली होती. लताबाईंना वाटलं, बाईंना रडू आलं.

डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. जे यायचं ते या सुरुवातीच्या महिन्यांतच येतं, ते म्हणाले होते. पाऊस लागेपर्यंत बघू. नंतर मग आहे त्यात सवय करून घ्यायची. सवय हा शब्द त्यांनी फार मऊपणे उच्चारला होता. दुपारी भाऊ डुलकी घ्यायचे तेव्हा कुंदाबाई त्या हाताकडे बघत पडायच्या. हातावर खडूचा कण नव्हता. नगरपालिकेच्या शाळेत सगळा जन्म पहिलीचा वर्ग घेतला, मोठे वर्ग देऊ केले तर घेतले नाहीत. पहिली हवी, कारण पहिलीत हात धरून शिकवता येतं. पोराच्या मागे उकिडवं बसायचं, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि पाटीवर अक्षर गिरवायचं. सुरुवातीला पोराचा हात म्हणजे मेलेलं पाखरू. मग तो विरोध करतो, भलतीकडे ओढतो. आणि मग केव्हातरी, दहा दिवसांनी की महिन्यानं, त्याचा नेम नाही, आपल्या तळव्याखाली काहीतरी जागं होतं. वळण घ्यायच्या जरा आधी तो हात स्वतःच वळायला लागतो. तिथे सोडायचं. पण एकदम सोडायचं नाही, नाहीतर पोरगं घाबरतं आणि रेघ मोडते. आपला हात वर तसाच ठेवायचा, नुसतं वजन काढून घ्यायचं, त्याला कळू न देता. अक्षर पुरं झालं की पोरगं वळून बघतं आणि म्हणतं, बाई, तुम्ही काढलं ना हे? आणि बाई म्हणतात, मी? मी तर नुसती बसलेय. कुंदाबाईंना इतक्या वर्षांच्या पोरांची नावं आठवत नव्हती, पण त्या सगळ्यांचं ते जागं होणं आठवत होतं, तळव्यात. डाव्या तळव्यात नाही, या उजव्याच. करंट वजन काढून घेत नाही, त्यांच्या मनात आलं. मशीन बंद होतं, तेव्हा बोट पडतं. मशीनला वाट बघता येत नाही. आणि मायलाही ती बघता आली नव्हती. मग त्यांना वाटलं, आपण मायला मशीनच्या शेजारी बसवलं, हे बरं नाही.

धुळ्याहून धाकटी बहीण मंजुळा आली ती वैशाखातल्या भर उन्हात, एस.टी.नं, केळीच्या वेफर्सची पिशवी घेऊन. आबा गेले तेव्हा मंजुळा रांगत होती, तिला त्या खोलीतलं काही आठवत नव्हतं. धुळ्यात संसार केल्यामुळे तिच्या बोलण्यात आता 'आहे'च्या जागी तिकडचं 'शे' येऊन बसलं होतं आणि ती ते काढतही नव्हती. भाऊ बाईंना सरबत पाजत होते तेवढा वेळ ती पदरानं वारा घेत नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, आमच्या अक्काला चांगलंच सजवून बसवलंय तुम्ही. गणपतीची आरास कशी!"

"मग काय टाकून देऊ?" भाऊ हसले.

"मी तिला धुळ्याला न्यायला आलेय. तिथं सरकारी दवाखान्यात व्यायामाचा मोठा हॉल शे. माझी सासू तिथंच चालायला लागली."

भाऊंच्या हातातला पेला थांबला. "सरकारी? अगं, तिथे माणसं बाकाखाली झोपतात. इथे कूलर आहे, पडदा आहे, डॉक्टर काकू-काकू करतो. आणि उद्या सगळं जळगाव म्हणेल, लीलाधरनं स्वतःची पेन्शन सांभाळली आणि बायको सरकारी दवाखान्यात टाकली."

"लोकांना चहा पाजा, म्हणजे गप्प बसतील. तिथं गर्दी शे, वास शे, बठ्ठं शे, मी नाही म्हणत नाही. पण तिथं कोणी लाड करत नाही."

"मी लाड करतो?"

"नाही तर काय? तुम्हालाच ताकद आलीय व्यायामानं. दंड बघा जरा स्वतःचे!"

 भाऊ उठून आत गेले आणि मोरीत पेला बराच वेळ विसळत राहिले. कुंदाबाईंना त्यांची पाठ दिसत होती. या माणसाच्या हातून सुटणं म्हणजे त्याला मारल्यासारखंच होतं, हे त्यांना कळत होतं. त्यानं काय वाईट केलं होतं? मायनं तरी काय वाईट केलं होतं?  दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ फणी घेऊन मागे बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाऊस लागेपर्यंत मी धुळ्याला जाऊन येते." फणी केसांत तशीच राहिली. "माझं काही चुकलं का गं?" ते म्हणाले.  पारवे, गोणपाट, बोट, यातलं काहीच या घरात कुणाला माहीत नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काहीच चुकलं नाही." आणि ते खरं होतं म्हणूनच ते ऐकायला इतकं वाईट वाटलं.

एरंडोल, पारोळा मागे पडलं, एस.टी.च्या खिडकीतून तापलेलं वारं तोंडावर येत राहिलं आणि कुंदाबाईंनी खिडकी लावू दिली नाही. मंजुळाच्या घरापासून दवाखाना रिक्षानं जवळ होता. केसपेपर, रांग, फिनेलचा वास, मग एक लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला तो हॉल. पहिल्या दिवशी त्या दारातच थबकल्या. भिंतीवर मोठं लाकडी चाक, छताच्या कडीतून लोंबणारे दोर, चालायला शिकण्यासाठी दोन लांब दांड्या, समोर कोपरा तडकलेला आरसा. पोलिओची पोरं पायाला लोखंडाच्या पट्ट्या बांधून खडखडत होती, त्यांच्या आया भिंतीशी डबे उघडून बसल्या होत्या. आणि खिडक्या सगळ्या सताड उघड्या. पडदा नावाला नव्हता. या हॉलच्या सोनवणे मॅडम एकट्याच, जाड भिंगांच्या, घामानं ब्लाऊज पाठीला चिकटलेल्या. त्यांनी कुंदाबाईंना आरशासमोर बाकावर बसवलं. "आजी, हात उचला."

"उचलत नाही हो."

"कळलं. उचला." आणि त्या पुढच्या माणसाकडे निघूनही गेल्या.

कुंदाबाई आरशात बघत राहिल्या. आरशात डावा-उजवा उलटा होतो, त्यामुळे तिथे मेलेला हात भलत्याच बाजूला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. कितीतरी दिवस काही झालं नाही. मॅडम यायच्या, ओरडायच्या, कोपराखाली हात घालून दंड वर न्यायच्या, मध्येच कुणी हाक मारली की "धरा असाच" म्हणून जायच्या, आणि हात पडायचा. मांडीवर आपटायचा. शेजारच्या बाकावर साक्रीकडचे भिकनआबा असायचे, पांढऱ्या मिशांचे, डावं अंग गेलेले. त्यांना सगळ्यांच्या हातापायांची खबर असायची. "मन्हा डावा गया, तुन्हा उजवा," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "दोन्ही मिळीसन एक मानूस हुई जाई आपला, अक्का." कुंदाबाई लकव्यानंतर पहिल्यांदा हसल्या होत्या, वाकड्या तोंडानं. पण संध्याकाळी मंजुळाच्या ओट्यावर बसलं की धास्ती दाटून यायची. आभाळ अजून कोरडं होतं, पण उकाडा वाढत होता. पाऊस लागला की संपलं. आपण चुकलो का? कूलरखाली निदान बोट उठत तरी होतं. जळगावहून, गल्लीच्या टोकाच्या एस.टी.डी. बूथवरून, भाऊ रोज मंजुळाच्या शेजारच्यांकडे फोन करायचे आणि विचारायचे, हाललं का गं? "नाही," त्या म्हणायच्या, आणि त्या गप्प फोनच्या पलीकडे त्यांना मायचा श्वास ऐकू यायचा.

त्या दिवशीही मॅडमनी तसाच हात वर नेला. खांद्याच्या रेषेत. आणि त्याच वेळी दांड्यांमध्ये एक पोरगी पट्ट्यांसकट धाडकन पडली. पोरगी किंचाळली, तिची आई किंचाळली, मॅडम धावल्या. सगळा हॉल तिकडे वळला. कुंदाबाईंचीही मान वळली. पोरीला लागलं नव्हतं, घाबरली होती. मॅडम तिला रागवत होत्या आणि तिचे डोळे आपल्या पदरानं पुसत होत्या. मग कुंदाबाईंनी पुन्हा आरशात पाहिलं. हात वरच होता. त्याखाली कुणाचा हात नव्हता. तो थरथरत होता, पाण्यात बघितल्यासारखा, पण होता. त्यांच्या घशाशी ओरड आली, तीच, पहिलीतल्या कुंदाची, शब्दांसकट तीच. ती बाहेर पडली असती तर सगळे धावले असते. त्यांनी ओठ मिटून घेतले. आरशातल्या त्या परक्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट हवेत जरासं उठलं आणि थोडं पुढे गेलं. शेजारून, ओठही न हलवता, भिकनआबा पुटपुटले, "गुपचूप ऱ्हाय, अक्का. पाही लिधं मी."

हात पडला तेव्हा मांडीला लागला.  खिडकीतून धुळीचा लोट आत आला, कुणीतरी वारं-वारं म्हणून ओरडलं, कुणी खिडकी लावली नाही. आबा त्या दिवशी मायकडे नव्हते बघत, आपल्याकडे बघत होते. काय सांगत होते? बघ म्हणत होते, की गप्प राहा म्हणत होते? ते आता कोण सांगणार. पण मागच्या खोलीतला तो चेहरा त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरा दिसला, आणि त्यावर दुःख नव्हतं. एखादं पोरगं वळण घ्यायच्या आधी श्वास धरतं तसा तो चेहरा होता. ते इतकं भयंकर होतं की त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणजे ते बोट खरं होतं.

भाऊंना फोनवर त्यांनी काही सांगितलं नाही. तरी तीन दिवसांनी भाऊ आले, न कळवता, गाडी ठरवून, थेट हॉलच्या दारात. धुतलेला सदरा, हातात बाईंसाठी जास्तीची उशी. त्यांनी आत पाहिलं. डबे, पोरं, दोर, तडकलेला आरसा, आणि त्याच्यापुढे आपली बायको, निऱ्या एका हातानं कशातरी खोचलेली, केस मंजुळानं घाईत बांधलेले. त्यांचा चेहरा पडला. "चल," ते म्हणाले. "बास झालं. चल घरी. ढग आलेत, पारोळ्यापाशी दिसले मला. काय मिळवलंस इथे?"

"इकडे या," कुंदाबाई म्हणाल्या. "उशी ठेवा खाली. माझा हात धरा. कोपराखाली. वर न्या."

भाऊंनी सवयीनं हात धरला, दोन्ही हातांनी, आणि वर नेला. आकडा म्हणायला तोंड उघडलं.

"मोजू नका. आता सोडा."

"पडेल ना गं."

"पडू दे. एकदम नाही सोडायचं. वजन काढून घ्या नुसतं. हात तिथेच ठेवा. मला कळू न देता."

तो वर्गातला आवाज होता. भाऊंनी तो कधी ऐकला नव्हता. त्यांची कचेरी वेगळी, बाईंची शाळा वेगळी. ते बाकापुढे उकिडवे बसले, गुडघे कटकन वाजले. शेजारी भिकनआबांनी मान दुसरीकडे फिरवली, पण कान इकडेच होते. भाऊंच्या कपाळावर घाम आला. सोडणं त्यांना जमत नव्हतं. बोटं सैल व्हायची आणि पुन्हा आवळायची, पहिल्या आठवड्यातल्या पोरासारखी. कुंदाबाई आरशात बघत थांबल्या. त्यांना घाई नव्हती. या कामात कुणाला किती दिवस लागतील त्याचा नेम नसतो. मग कोपराखालची ऊब जराशी दूर झाली. भाऊंचे दोन्ही तळवे तिथेच होते, हाताच्या खाली, बोटभर अंतरावर, उघडे. कुंदाबाईंना आरशात ते तळवे दिसत होते, आणि त्यांच्यावर, कशालाही न टेकता, थरथरत असलेला एक हात. मग बोट उठलं. भाऊंनी ते पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, छाती फुगली, डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

भाऊंनी तोंड मिटलं. ते ओरडले नाहीत. बाहेर पत्र्यावर थेंब वाजायला लागले तेव्हाही दोघं तसेच होते.